सुभेदारांच्या चंचीतलं मीठ

"सरकार सोडून मी जल्मात कुनाचं मीठ खाल्लेलं न्हाई," असं सुभेदार नाथाजी निकम भेटेल त्याला सांगत, आणि सांगताना कमरेची चंची थोपटत. चंची पानसुपारीची नव्हे, मिठाची. कोकणातल्या मिठागरातलं जाडं मीठ, घाट चढून आलेलं, खडा म्हणजे हरभऱ्याएवढा. कुणाकडं जेवायला बसले की सुभेदार आधीच बजावत, "माजं ताट आळनी वाढा." मग चंची सोडायची, तांब्याच्या बुडानं खडे चुरायचे आणि आपलं मीठ आपण टाकून जेवायचं. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं नाही, ही आपल्याकडची रीत. सुभेदार मीठच खात नसत, त्यामुळं त्यांचं तोंड सगळ्यांविरुद्ध मोकळं. असा माणूस पंच म्हणून सोन्यासारखा. तंटा साताऱ्यात असो नाहीतर सांगलीत, बोलावणं त्यांनाच.

आमच्या गावानं तर त्यांना पार लोणंदहून आणलं. जवळपासचा कुणी का नाही मिळाला म्हणाल, तर कुंडलच्या पंचक्रोशीत ज्यानं गुंडाच्या घरचं मीठ खाल्लं नाही त्यानं कृष्णातच्या घरचं खाल्लेलं. आणि तंटा होता गुंडा आणि कृष्णात यांचाच. दोघं सख्खे चुलतभाऊ, मधे एक परड्याची भिंत.

तंटा बेंदराच्या मानाचा. आषाढात बेंदूर आला की गावच्या वेशीत पानांचा दोर बांधतात, त्याला कर म्हणायचं. रंगवलेल्या शिंगांचा, झूल घातलेला मानाचा बैल पहिल्यांदा कर तोडून आत शिरतो आणि मग गावाची बाकीची बैलं. हा मान होता दोघांच्या थोरल्या चुलत्याचा, ज्योतिबाअण्णाचा. अण्णा माघात गेला. पोटी मूलबाळ नाही. गुंडा म्हणाला मान माझा, कृष्णात म्हणाला माझा. दोन्हीकडून बायकांना एकमेकींशी बोलायची बंदी झाली. गुंडा तर चावडीपुढं उभा राहून बोलून बसला, "मान न्हाई तर बैल न्हाई. कर दुसऱ्याच्या बैलानं तोडला तर माजा हरण्या दुसऱ्या दिवशी बाजारात."

बोलला मिशीला पीळ देऊन, आणि झोप उडाली राहीबाईची.

राहीबाई गुंडाची बायको. हरण्या बहात्तरच्या दुष्काळातला. त्याची आई चाऱ्यावाचून गेली तेव्हा तो उभाही राहत नव्हता. राहीबाईनं त्याला ज्वारीच्या कण्यांची पेज फडक्यानं पिळून पिळून पाजली, थंडीत चुलीपुढं निजवला. आता तो चार वर्षांचा खिल्लार खोंड होता. परका माणूस जवळ आला की फुसफुसायचा आणि राहीबाई दिसली की मान खाली घालून खाजवून घ्यायचा. अशा जनावराची दोरी उद्या कुठल्या दलालाच्या हातात जाणार, हे मनात आलं की तिच्या हातातलं भांडं सुटायचं. गुंडा शब्द फिरवणाऱ्यातला नव्हता. तेवढा एक गुण त्याच्यात नसता तर बरं झालं असतं, असं तिला लग्नापासून वाटत आलेलं.

बेंदराच्या दिवशी सकाळी सुभेदार आले. कुणाला डावं-उजवं वाटू नये म्हणून गावानं ठरवून दिलेलं: न्याहारी कृष्णातकडं, दुपारचं जेवण गुंडाकडं, दिवस कलायच्या आत निवाडा आणि मग कर. कृष्णातच्या सोप्यात सुभेदारांनी अळणी पिठलं-भाकरी मागवली, चंची सोडली, मीठ टाकलं, खाल्लं, हात धुतले. कृष्णातची बायको सुलाबाई नुसती बघत राहिली.

इकडं राहीबाईची चुलीपुढं तारांबळ. पुरणपोळी करायची, कटाची आमटी करायची, आणि सगळं अळणी. पोळीच्या कणकेत चिमूटभर मीठ टाकायची हाताची सवय. दर वेळी हात बरणीकडं जायचा आणि ती तो मागं घ्यायची. कुरडया तळल्या आणि मग आठवलं की त्यांत मीठ उन्हाळ्यातच पडलंय. लोणच्याचा तर प्रश्नच नाही. सणासुदीला पाव्हण्याला दवाखान्यातल्यासारखं ताट वाढायचं, याची तिला मनापासून लाज वाटत होती. पण पंच म्हणेल ते केलं पाहिजे. हरण्याचं सगळं त्या एका माणसाच्या जिभेवर होतं.

न्याहारीनंतर वेशीपर्यंत फेरी मारून सुभेदार आले ते गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून. "आधी आंगूळ करतो," म्हणाले. सोप्यातल्या खुंटीला सदरा अडकवला, त्यावर चंची अडकवली आणि परड्यात न्हाणीपाशी गेले. गुंडा पाणी उपसून द्यायला मागोमाग. आता आमच्याकडच्या घरांत सोप्याच्या एका अंगाला माणसं बसतात आणि दुसऱ्या अंगाला बैलं बांधतात, मधे फक्त गव्हाण. सुभेदारांची खुंटी गव्हाणीच्या बाजूची होती. हे गुंडाला कळायला हवं होतं. पण त्याचं सगळं लक्ष पाणी कोमट आहे की कढत यात.

राहीबाई पाट मांडायला बाहेर आली आणि जागच्या जागी थिजली.

हरण्या मान लांब करून डोळे मिटून काहीतरी चघळत होता. तोंडातून चंचीचा बंद लोंबत होता.

"आरं मुडद्या," ती दबक्या आवाजात म्हणाली आणि धावली. बंद धरून ओढला. हरण्यानं सोडलं नाही. त्याला वाटलं खेळ चाललाय. शेवटी तिनं त्याच्या नाकपुड्या दाबल्या तेव्हा चंची बाहेर आली. लाळेनं चिंब, चुरगळलेली आणि रिकामी. खडा म्हणून शिल्लक नव्हता. कोकणातलं, घाट चढून आलेलं सगळं मीठ हरण्याच्या पोटात गेलं होतं आणि तो आणखी आहे का म्हणून तिचा पदर चाटत होता.

परड्यातून सुभेदारांचा आवाज आला, "बास पानी, गुंडाजी. आता फकस्त आंग पुसतो."

आता सांगावं, तर पंच म्हणणार, ह्या घरात मी जेवत नाही. पंच उपाशी उठला ही बातमी वेशीपर्यंत जायला कितीसा वेळ लागणार? आणि ज्या बैलासाठी निवाडा त्यानंच पंचाचं मीठ पळवलं म्हटल्यावर मान कुणाला जाणार, ते सांगायला ज्योतिषी नको. नाही सांगितलं, तर चंचीत काहीतरी भरलं पाहिजे. ती धावत स्वयंपाकघरात गेली आणि मिठाची बरणी उघडली. आषाढाच्या हवेनं मिठाला पाणी सुटलेलं, आणि होतं तेवढं कोरडं मीठ पहाटेच बैलांच्या पिठात आणि घरच्यांच्या आमटीत संपलेलं. तळाला नुसतं खारं पाणी. दुकान म्हणाल तर गावात एकच, आणि दुकानदार आपली बैलं धुवायला ओढ्यावर.

राहिली परड्याची भिंत.

वाटी पदराखाली घेऊन राहीबाई मागच्या दारानं निघाली आणि भिंतीच्या पडक्या कोपऱ्यापाशी उभी राहिली. पलीकडं सुलाबाई भांडी घासत होती.

"आक्का," राहीबाई कुजबुजली, "वाटीभर मीठ द्या."

सुलाबाईनं आधी आपल्या सोप्याकडं बघितलं. "माज्याशी बोलतीस व्हय? तुज्या मालकानं बघितलं तर?"

"तुमच्या मालकानं बघितलं तरी तेच व्हईल. द्या लवकर."

"कशाला पायजेल?"

"बैलाला," राहीबाई म्हणाली. तेही तसं खोटं नव्हतं.

सुलाबाई आत गेली आणि मूठ भरून आली. राहीबाईनं घाईत नुसता हातच पुढं केला, तशी तिनं मूठ मागं घेतली. "हातावर न्हाई देत बाई. हातावर मीठ दिलं की भांडान व्हतं."

"आवं आक्का, आता भांडायचं काय ऱ्हायलंय आपल्यात?"

पण सुलाबाई रीत सोडणारी नव्हती. तिनं वाटी भिंतीवर ठेवायला लावली आणि मीठ वाटीत टाकलं. जाताना हळूच म्हणाली, "तुज्या हरण्याचं ऐकलं गं. माज्या जिवाला बरं न्हाई वाटलं."

राहीबाईला बोलायला वेळ नव्हता. तिनं चंची गरम तव्यावर टाकून वाळवली, एका कडेला जरा करपली ती आतल्या अंगाला दुमडली, मीठ भरलं, बंद आवळला आणि खुंटीला अडकवून ती वळते न वळते तोच सुभेदार ओल्या पावलांनी सोप्यात आले.

पानं वाढली. गुंडा शेजारी बसला. सुभेदारांनी चंची सोडली, मीठ ताटलीत ओतलं, तांब्यानं चुरलं, आमटीत टाकलं आणि भुरका मारला. राहीबाई दाराआडून त्यांच्या मिशीकडं बघत होती. मिशी हलली. दुसरा भुरका गेला. पोळीचा घास गेला. राहीबाईनं मनातल्या मनात सगळ्या देवांना नारळ बोलून टाकले.

तिसऱ्यांदा मीठ घ्यायला सुभेदारांनी ताटलीत बोट घातलं आणि बोट तिथंच थांबलं. त्यांनी काहीतरी चिमटीत धरून उजेडात केलं. तांबूस, चिवट, दोऱ्यासारखं.

"गुंडाजी, हे काय हाय?"

गुंडानं वाकून बघितलं. "चिंचंची शीर दिसती."

"माज्या मिठात चिंच कुठनं आली?"

राहीबाईनं दाराची चौकट घट्ट धरली. चिंच टिकावी म्हणून मिठात घालून ठेवायची सुलाबाईची सवय सगळ्या भावकीला माहीत. घाईत तिनं मीठ त्याच मडक्यातून काढलं होतं आणि घाईत राहीबाईनं ते निवडलं नव्हतं.

गुंडा ताटावरून उठला. त्याचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. "चिंचंचं मीठ आमच्या घरात न्हाई, सुभेदार. ते कृष्णातच्या घरात. सकाळी न्याहारीला बसलासा तवा त्यानं तुमची चंची बदलली. तुमाला त्याचं मीठ चारलं, म्हंजी तुमी त्याच्याच बाजूनं बोलनार. हा डाव हाय."

आणि खरकट्या हातानं तो भिंतीवर चढला. "ए कृष्ना, भाईर ये. मिठाचा चोर."

पुढचं सगळं पेटल्यासारखं झालं. कृष्णात बाहेर आला. पंचाचं मीठ बदलल्याचा आळ ऐकून त्यानं कासरा टाकून काठी उचलली. गुंडानं जू उचललं. बैलं सजवायला जमलेली माणसं शिंगाच्या रंगाचे ब्रश हातात घेऊनच पळत आली, आणि कुणी कुणाला धरलं तर त्याचं धोतर हिरवं नाहीतर तांबडं झालं. पण हसायला कुणाला सुचत नव्हतं. दोघं भाऊ खरोखरच एकमेकांच्या डोक्यात घालायच्या बेतात होते.

"चंचीला माजं बोट लागलं असंल तर हात झडंल माजा," कृष्णात ओरडत होता.

सुभेदार मधे येऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं मीठ पोटात गेलेलं, त्यामुळं चेहरा विष खाल्ल्यासारखा. तरी आवाज पलटणीतला. "गप. दोघंबी खाली ठिवा. मीठ कृष्णातच्या घरचं हाय, हे नक्की का?"

चार म्हाताऱ्यांनी शीर हातात घेऊन बघितली, मीठ जिभेला लावलं आणि नक्की म्हणून सांगितलं.

"मग पंचाला फसवनाऱ्याला मान मिळत न्हाई," सुभेदार म्हणाले. "हा निवाडा मला करायला मीठसुदीक आडवं येत न्हाई. कृष्णाता, तुला काय सांगायचं असंल तर सांग."

कृष्णात काय सांगणार? त्याला काही माहीतच नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं.

राहीबाई दारात उभी होती. एक शब्द बोलायची गरज नव्हती. गप्प राहिलं की झालं. मान गुंडाचा, हरण्या कर तोडणार, हरण्या गोठ्यात राहणार, आयुष्यभर राहणार. बोललं की दोरी दलालाच्या हातात. तिनं भिंतीकडं बघितलं. पलीकडं सुलाबाई तिच्याकडंच बघत होती. तिला सगळं कळलं होतं. तीही बोलू शकत होती, पण बंदी मोडून मीठ दिलं हे नवऱ्यापुढं कबूल करायचं म्हणजे तिच्या पाठीचं काही खरं नव्हतं. ती फक्त बघत होती. मघाशी रीत सांभाळून, वाटी ठेवायला लावून तिनं मीठ दिलं होतं, भांडण होऊ नये म्हणून.

राहीबाईला रडू आलं. एकदा हरण्याकडं बघून घेतलं तिनं, आणि पदर खोचून पुढं झाली.

"कृष्णातभावजींनी काय केल्यालं न्हाई. मीठ म्या भरलं. तुमचं मीठ आमच्या हरण्यानं खाल्लं, सुभेदारमामा. चंचीसकट चघळलं. घरात खडा नव्हता, म्हनून म्या आक्कांकडनं आनलं. बैलाला पायजे म्हनून आनलं, त्यांना काय ठावं न्हाई."

गुंडाच्या हातातलं जू खाली आलं. त्याला बायकोवर ओरडायचं होतं, पण आधी काय ओरडावं हेच सुचेना.

सावरला तो कृष्णात. त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "म्हंजी सुभेदारांनी आमचं मीठ खाल्लं हे खरं. मग आता मिठाला जागा म्हनावं."

"वा रं वा," गुंडा म्हणाला. "खाल्लं कुटं? माज्या पाटावर, माज्या आमटीत. ताट माजं तर मीठ माजं."

"इकत आनलं म्या."

"दिलं तुज्या बायकूनं. दिलेलं मीठ ज्याला दिलं त्याचं."

झालं. गावात दोन तट पडले. मीठ विकत घेणाऱ्याचं, की शिजवणाऱ्याचं, की वाढणाऱ्याचं, यावर म्हातारी माणसं तावातावानं बोलायला लागली. केरबातात्या म्हणाला, मीठ समुद्राचं, तर निवाडा कोकणाच्या बाजूनं व्हायला पाहिजे. त्याला खाली बसवलं. तिकडं दिवस कलत चाललेला, वेशीत कर बांधून तयार आणि बैलं झुली घालून उन्हात उभी.

सुभेदार कट्ट्यावर टेकले. त्यांनी रिकामी चंची हातात घेऊन करपलेली कड उलगडून बघितली. "आता मी पंच न्हाई," ते म्हणाले. "मीठ ह्या घरचं धरलं तरी मी बांधलो, त्या घरचं धरलं तरी बांधलो. मला बोलता येत न्हाई. आवंदा मान दोघांचाबी न्हाई. देवळातल्या गुरवाचा बैल म्होरं घ्या."

गुरव सिद्धू. त्याचा बैल म्हातारा, एका शिंगाचा आणि सकाळपासून धुतलेलासुद्धा नव्हता, कारण त्याचं कुणी नावच घेतलं नव्हतं. माणसं पळाली. कुणी पाणी ओतलं, कुणी असलेल्या एका शिंगाला रंग दिला, झूल कृष्णातच्या बैलाची काढून घातली. सिद्धूच्या बैलानं वेशीत येऊन कर तोडला नाही, खाल्ला. पण गेला आत पहिला, आणि तंटा तेवढ्यापुरता मिटला.

मिटला नाही तो राहीबाईचा घोर. गुंडा वेशीतून परत आला, हरण्याच्या अंगावरची झूल उतरवली, गोंडे सोडले आणि म्हणाला, "सकाळी लवकर निघायचं. बाजार लांब हाय."

"आवं, गुरवाच्या बैलानं तोडला की. भावजींच्या न्हवं."

"दुसऱ्याच्या बैलानं म्हनलं हुतं म्या. गुरव दुसराच. चावडीपुढं बोललोय."

राहीबाईनं हरण्याच्या गळ्यात हात टाकला आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. सुभेदार सदरा घालून निघायच्या तयारीत होते. ते थांबले.

"गुंडाजी, कुनाचा बैल इकतायसा?"

"माजा."

"तुमी त्याला मीठ घालता, तसं म्याबी घातलं आज. सगळी चंची. दुपारपास्नं सगळं गाव मला इचारत हुतं मीठ कुनाचं. ह्याच्या पोटातलं कुनाचं हाय? त्यात तरी तंटा न्हाई न्हवं?"

"न्हाई," गुंडा म्हणाला. "ते तुमचंच."

"मग माजं मीठ खाल्ल्यालं जनावर हाय हे. ते मला जागनार. मला इचारल्याबिगर ते बाजारात जात न्हाई, आनि मी काय व्हय म्हनत न्हाई. तुमी बोललासा तुमच्या बैलाबद्दल. हा आता निम्मा माजा."

गुंडानं झूल उचलून पुन्हा खुंटीला अडकवली. शब्दही मोडला नव्हता आणि बैलही जात नव्हता. अशी सोय आपल्याला स्वतःला सुचली नाही याचा त्याला जरा रागच आला, पण तोंडावर सुटका दिसत होती. राहीबाईनं सुभेदारांच्या पायावर डोकं ठेवलं.

"उठ पोरी," सुभेदार म्हणाले. "ताट अर्धं टाकून उठलो मी मघाशी. आता बाटलोच हाय तर सगळंच वाढ. कुरडई आन, लोनचं आन. आनि आमटी मीठ घालून दे, तुज्या हातानं."

राहीबाई आत पळाली. वाटीत सुलाबाईचं मीठ उरलं होतं. आज तिला खालचं-वरचं दिसत नव्हतं. डोळे पुसत, हसत, देवांना बोललेले नारळ मोजत तिनं ते सगळं आमटीत रिकामं केलं आणि वाफाळती वाटी आणून सुभेदारांपुढं ठेवली.

सुभेदारांनी भुरका मारला. मग कपाळावर घाम आला, डोळ्यांत पाणी आलं आणि मिशा हळूहळू खाली आल्या. त्यांनी तांब्याभर पाणी एका दमात संपवलं.

"कशी झालीया मामा आमटी?" राहीबाईनं हौसेनं विचारलं.

सुभेदारांनी पुन्हा वाटी उचलली.

"आता तुज्या घरचं मीठ खाल्लंय, पोरी," ते खोल आवाजात म्हणाले. "आता मला काय बोलता येत न्हाई."